क्रमांक सात, शेरा निरंक

तपशीलरावांना ती जबाबदारी मिळाली मंगळवारी सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना. उरलेली अर्धी त्या दिवशी झालीच नाही. पाणीपुरवठा कार्यालयात ते तसेच गेले आणि दिवसभर डावा गाल भिंतीकडे करून बसले.

तपशीलराव हे नाव त्यांना कार्यालयानेच दिलेलं. समोर आलेल्या कुठल्याही कागदावर ते 'तपशील सादर करावा' असं लिहून कागद आल्या वाटेने परत पाठवत. हे नाव कार्यालयातून इमारतीत आलं, इमारतीतून घरात शिरलं, आणि आता रागाच्या भरात बायकोसुद्धा तेच वापरत असे.

जबाबदारी अशी होती. संगणक सुरू केला की सगळ्यांत आधी जी यंत्रणा जागी होते, ती ऑपरेटिंग सिस्टीम. बहुतेक लोक ती संगणकाबरोबर आली तशी मुकाट्याने वापरतात. पण जगभरातल्या काही हौशी मंडळींनी मिळून स्वतःची एक बनवली होती. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. तपशीलराव गेली सहा वर्षं या मंडळींसाठी मदतीच्या पानांवरचे पूर्णविराम तपासत होते. आणि आता समन्वयकबाईंनी, ज्या इतक्या लांब राहत की त्यांची संध्याकाळ ही तपशीलरावांची सकाळ होती, पत्र पाठवलं होतं: नव्या आवृत्तीत आवाज ऐकवणारा एकच प्रोग्रॅम घ्यायचा आहे. गाणी म्हणा, भाषणं म्हणा, सगळं त्याच्यावरच वाजेल. उमेदवार सात आहेत. जुन्यात जुन्या संगणकावर चालेल असा एक तुम्ही निवडा. मुदत पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. निवडणाऱ्याचं नाव प्रत्येक प्रतीबरोबर जगभर जाईल. निवड आली नाही, तर ही आवृत्ती मुकीच बाहेर पडेल.

"सहा वर्षं फुकट पूर्णविराम दिलेत," बायको म्हणाली, "आता फुकट गाणी लावा."

तपशीलरावांनी पत्र पुन्हा वाचलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी 'तुम्ही ठरवा' असं म्हटलं नव्हतं. 'तुम्ही सादर करा' म्हटलं होतं, 'तुम्ही थांबा' म्हटलं होतं. ठरवायचं काम नेहमी वरच्या मजल्यावर होई. त्यामुळे जगभर जाणारं आपलं नाव ते आरशात बघावं तसं मनातल्या मनात चार वेळा बघून आले, आणि हे आम्ही त्यांचा अपमान करण्यासाठी नव्हे, तर पुढचं समजावं म्हणून सांगतो आहोत.

घरात त्यांच्या सासूबाईही होत्या. वय एक्याऐंशी, नजर अधू, जीभ शाबूत. त्यांची तीन वर्षांनी मोठी बहीण दुसऱ्या गावी राहायची, तिचीही नजर अधू. तेव्हा दोघी बहिणी एकमेकींना बोलकी पत्रं पाठवत. ताई बोलत जायची, तिची नात पूर्वी ते कॅसेटवर भरून पाठवायची, आता संगणकावरून पाठवू लागली होती. एकेक पत्र दीड-पावणेदोन तासांचं. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, जुना टेपरेकॉर्डर, ज्यावर पूर्वी ही पत्रं ऐकली जात, तो गेल्या महिन्यात वारला होता आणि ताईंचं नवं पत्र येऊन पडलं होतं.

"दहा दिवस थांबा आई," तपशीलराव म्हणाले, "तुम्हाला जगातला सर्वोत्तम प्रोग्रॅम लावून देतो."

"मला जगातलं नको जावईबापू. ताईचं ऐकू आलं की पुरे."

शहाण्या माणसाने इथेच थांबून विचार केला असता. तपशीलरावांनी फाइल उघडली.

काम करण्याची त्यांना एकच रीत ठाऊक होती. नळाच्या तोट्या घ्यायच्या असोत की पंप, आधी उमेदवारांना क्रमांक द्यायचे, मग छाननी, मग तुलनात्मक तक्ता, मग हरकती आणि सूचना. इमारतीतला सगळ्यांत जुना संगणक आईंच्याच खोलीत होता, म्हणून सातही प्रोग्रॅम त्यांनी त्याच्यावर चढवले. क्रमांक एकची छाननी करताना कळलं, की तो बनवणाऱ्या मंडळींत भाऊबंदकी होऊन दोन चुली झाल्या आहेत. तेव्हा एक आणि एक-अ अशी नोंद झाली. क्रमांक तीन सबंध सिस्टीमपेक्षा आकाराने मोठा निघाला, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. क्रमांक पाचच्या कर्त्याला पत्र टाकलं, तर त्याचं उत्तर आलं की आपण आता मधमाश्या पाळतो, पुन्हा लिहू नये. आणि क्रमांक सात उघडला तर नुसती एक रिकामी खिडकी. स्पेसबार दाबला की वाजायचं, पुन्हा दाबला की थांबायचं. ना यादी, ना रंग, ना मागेपुढे जायची सोय. शेवटाला गेलं की आपलं पहिल्यापासून सुरू. तपशीलरावांनी 'वैशिष्ट्ये' या रकान्यात 'निरंक' असं लिहून त्याला पहिल्याच फेरीत बाद केलं. काढून मात्र टाकलं नाही. बाद झालेली फाइलसुद्धा तीन वर्षं जपून ठेवायची असते.

बुधवारी जिन्यातल्या फलकावर नोटीस लागली: 'आवाजाच्या प्रोग्रॅमबाबत रहिवाशांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' ही त्यांची चूक. पाण्याबद्दल अशी नोटीस लावली, तर कुणी फिरकत नाही हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव होता. पण पाण्यात लोकांना गती नसते, गाण्यात प्रत्येकाला असते.

पहिले आले शेजारच्या ब्लॉकमधले दातांचे डॉक्टर. दवाखाना तिथेच, आणि इंटरनेटची लाइन दोघांत मिळून एक.

"तपशीलराव, दोन गाण्यांच्या मध्ये जी शांतता पडते ना, ती बंद करा," डॉक्टर म्हणाले. "त्या शांततेत माझं ड्रिल बाहेर ऐकू जातं. मागच्या महिन्यात तीन पेशंट नेमके तेव्हाच उठून गेले."

तक्त्यात रकाना वाढला. मग वरच्या मजल्यावरचे व्हायोलिनमास्तर आले. त्यांना शिष्यांसाठी गाण्याचा वेग निम्मा करून हवा होता, पण सूर तसूभरही उतरता कामा नये. "माणसाला हे जमत नाही," ते म्हणाले, "निदान मशीनला तरी जमू दे." तळमजल्यावरचे निवृत्त वकीलसाहेब कुठलंही संगीत ऐकत नसत, त्यांनी सातही प्रोग्रॅमचे परवाने, म्हणजे वापराच्या अटी, छापून मागितले आणि दोन दिवसांत लाल पेन्सिलीने रंगवून परत आणले.

"हे बघा. 'कोणतीही हमी नाही.' सगळ्यांनी हेच लिहिलंय," वकीलसाहेब म्हणाले. "असं लिहून देणारा माणूस लिहितानाच अर्धा दाराबाहेर असतो."

"पण फुकट देतात ते, वकीलसाहेब."

"म्हणूनच विचारतोय. विकणाऱ्याला धरता येतं. देणाऱ्याला कसं धरायचं?"

तपशीलरावांनी आणखी एक रकाना वाढवला. रविवारपर्यंत तक्त्यात एकेचाळीस रकाने झाले आणि तो जेवणाच्या टेबलावरून दोन्ही बाजूंनी खाली लोंबू लागला. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली.

मधल्या काळात आई पत्र ऐकत होत्या, म्हणजे ऐकण्याचा प्रयत्न करत होत्या. चाचणी चालू असेल तो प्रोग्रॅम तपशीलराव त्यांना लावून देत. ताईंचं पत्र एक तास चाळीस मिनिटांचं. पहिली वीस मिनिटं गुडघे. डावा आधी, मग उजवा. त्यानंतर ताईंच्या शेजाऱ्याने वीतभर पुढे सरकवून बांधलेली भिंत. दुपारचं जेवण झालेलं असे, भिंत अर्धी होईस्तोवर आईंचा डोळा लागे. संध्याकाळी संगणक बंद होई, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम कुठलाही असो, पुन्हा पहिल्यापासून गुडघे.

"ताईचे गुडघे मला पाठ झाले," आई म्हणाल्या. "पुढे काय म्हणते ते काही कळेना."

"पुढे सरकवायचं असतं आई. ती बारीक पट्टी दिसते ना खाली?"

"पट्टी दिसली असती, तर ताईला कागदावरच लिहायला सांगितलं असतं."

सोमवारी संध्याकाळी तोंडाला मास्क लावलेले डॉक्टर दारात उभे राहिले.

"तपशीलराव, ही गुडघेवाली बाई कोण?"

प्रकरण असं झालं होतं. क्रमांक चारचं एक खास वैशिष्ट्य, ज्याला तपशीलरावांनी दहापैकी दहा दिले होते, म्हणजे लाइनवर जिथे जिथे आवाज सापडेल तिथून तो आपणहून गोळा करणं. डॉक्टरांनी उत्साहाने क्रमांक चार दवाखान्यात लावला होता. त्याने भिंत ओलांडून आईंच्या संगणकातलं ताईंचं पत्र उचललं आणि सकाळपासून तेच वाजत होतं.

"मग बंद का नाही केलंत?"

"आधी कळेना कुठून येतंय ते. कळलं, तोवर पेशंट बंद करू देईनात. आत बोलावलं तर म्हणतात, थांबा डॉक्टर, भिंतीचा निकाल लागू दे." डॉक्टरांनी मास्क खाली ओढून आवाज लहान केला. "तुमच्याबद्दलही आहे त्यात. तासाभरानंतर. 'जावई अजून ते फुकटचंच करत बसतो का गं?' असं आहे. हसले लोक. एकाचं तर ओलं फिलिंग निखळलं."

माणसाचा अपमान घरात होतो, कार्यालयात होतो. पण ज्यांचे दात दुखताहेत अशा माणसांनीही आपल्याला हसावं, याचं तपशीलरावांना फार वाईट वाटलं. त्यांनी क्रमांक चार बाद केला. पण तोवर बातमी उंबरा ओलांडून घरात आली होती. दाढेचं काम करून निघालेल्या एका बाईंनी दारात बसलेल्या आईंना सुजलेल्या तोंडाने, पण मायेने विचारलं, "मग आजी, जाताय ना ताईंकडे?"

"कशाला?" आई म्हणाल्या.

बाईंनी जीभ चावली. भूल दिलेली होती, म्हणून बरीच जोरात चावली.

त्या दिवशी आईंनी जावयाशी बोलणं टाकलं. जे बोलायचं ते लेकीला उद्देशून, आणि जावई समोर असताना. "त्यांना सांग, माझ्या बहिणीचं पत्र अख्ख्या गावाने शेवटपर्यंत ऐकलं. एक मीच राहिले."

"आई, मी आत्ता डॉक्टरांना विचारून येतो शेवटी काय आहे ते," तपशीलराव काकुळतीला येऊन म्हणाले. "नाहीतर मी शेवटचा भाग लावून देतो."

"त्यांना सांग, माझ्या बहिणीने मला सांगितलेलं मी दातवाल्याच्या तोंडून ऐकणार नाही. आणि पत्राला आता कुणी हात लावायचा नाही. माझं मी बघीन."

बायको आईच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिथे काय चाललंय याचा तपशील तपशीलरावांनी मागितला नाही, हे त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडलं. ते तक्त्यात बुडाले होते.

शुक्रवार उजाडला. तपशीलरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पाच वाजता एकेचाळीस रकान्यांची बेरीज झाली: एक आणि एक-अ, दोघांनाही दोनशे सत्त्याऐंशी गुण. वकीलसाहेबांना विचारलं, तर त्यांनी नाणं उडवायला कायद्याने हरकत घेतली. मास्तर म्हणाले एक, डॉक्टर म्हणाले एक-अ, आणि दोघं जिन्यात एकमेकांना समजावू लागले. वेग जास्त, सूर वर. तपशीलराव घामाघूम होऊन टेबलाशी बसले होते. सव्वापाच झाले होते. आपण ठरवू शकत नाही, वरच्या मजल्यावरच्यांना हे बावीस वर्षांपूर्वीच कळलं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. आई बाहेर आल्या. हातात पिशवी, अंगात बाहेर जायचा स्वेटर.

"जावईबापू," चार दिवसांनी पहिल्यांदाच थेट बोलल्या, "उद्या सकाळच्या गाडीचं बघा. सोमवारी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मुलांना तिने घाबरल्याचं सांगितलं नाही, मला सांगितलंय. मी जवळ बसायला हवी."

"तुम्ही... शेवटपर्यंत ऐकलंत?"

"तीन दिवस ऐकतेय. आज जिथे झोपते, तिथून उद्या पुढे."

"कुठल्या प्रोग्रॅमवर?"

"मला काय ठाऊक! ते लांबलचक बटण दाबलं की ताई बोलते. पुन्हा दाबलं की गप्प बसते. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा."

तपशीलराव खोलीत गेले. पडद्यावर एक रिकामी खिडकी होती. क्रमांक सात.

"मी लावून दिला," मागून बायको म्हणाली. "बाकीचे सगळे आईला काही ना काही विचारत होते. हा काही विचारत नाही."

त्यांनी स्पेसबार दाबला. ताई बोलल्या, "...बरं, ठेवते आता." पुन्हा दाबला. संगणक बंद केला, चालू केला, दाबला. तिथूनच पुढे. एकेचाळीस रकान्यांत शांततेची लांबी होती, सुराची उतरण होती, परवान्याची कलमं होती. 'ऐकणारा कुठे थांबला ते लक्षात ठेवतो का' हा रकाना नव्हता. आईंनी तर तो दहा दिवसांपासून तोंडी सांगितला होता, पण तोंडी सूचना ग्राह्य धरत नाहीत.

पावणेसहाला त्यांनी समन्वयकबाईंचा फॉर्म उघडला. सत्तावीस प्रश्न. निवड: क्रमांक सात. मुख्य वैशिष्ट्य: 'आपण कुठे थांबलो ते विसरत नाही.' सव्विसावा प्रश्न मात्र असा होता: 'या प्रोग्रॅमची प्रत्यक्ष चाचणी कुणी घेतली? एकच नाव द्यावे. हेच नाव यादीत जाईल.'

तपशीलरावांची बोटं थांबली. नाव टाकायला काय जात होतं? तक्ता त्यांचा, रजा त्यांची, घाम त्यांचा. बघणारं कोण होतं? पण न पाहिलेल्या पाइपाच्या कागदावर त्यांनी उभ्या आयुष्यात सही केली नव्हती. एकदा तर साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले होते, तरी फाइल आठ महिने अडवून धरली होती. क्रमांक सातची पाहणी त्यांनी मिनिटभर केली होती आणि शेरा दिला होता निरंक. सहाला सात मिनिटं कमी असताना त्यांनी तिथे सासूबाईंचं नाव लिहिलं. सत्ताविसाव्या रकान्यात, इतर माहिती, हाताच्या सवयीने 'जावयामार्फत' एवढाच शब्द पडला. मार्फत पाठवणाऱ्याने नाव लिहायचं नसतं. फॉर्म गेला. मग ते उठून सकाळच्या गाडीचं बघायला गेले.

दोन महिन्यांनी नवी आवृत्ती बाहेर पडली. तीनशे नावांच्या यादीत आईंचं नाव होतं आणि पुढे कंसात, समन्वयकबाईंनी इमानेइतबारे भाषांतर करून, 'जावयामार्फत'. इमारतीत आईंचा सत्कार झाला. वकीलसाहेब बोलले. तेव्हापासून तक्रारीही आईंकडेच येऊ लागल्या, मास्तर रोज सकाळी दारात, "आजी, वेग निम्मा होईल का?" आई सांगत, "होईल. तुम्ही सावकाश ऐका."

तपशीलराव पूर्णविराम तपासायला परत गेले. वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस त्यांनी ती यादी उघडून वरपासून खालपर्यंत वाचली, आपलं नाव चुकून कुठे शिरलं असेल म्हणून.

मग ताईंचं पत्र आलं. ऑपरेशननंतरचं पहिलं. आई तीन दिवस ते ऐकत होत्या. चौथ्या दिवशी पायांत चपला सरकवताना जावयाला म्हणाल्या, "तुमच्याबद्दल आहे त्यात काहीतरी. ऐका हवं तर. तुम्हाला परवानगी आहे." आणि खाली बागेत फिरायला गेल्या.

तपशीलरावांनी दार लोटलं, खुर्चीत ताठ बसले आणि स्पेसबार दाबला. क्रमांक सातने आई थांबल्या होत्या तिथून इमानाने पुढे सुरुवात केली. आपल्याबद्दलचं ते काहीतरी मागे राहून गेलं होतं. मागे जायची सोय नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने रकान्यात लिहिलं होतं. तेव्हा पत्र संपेपर्यंत ते बसले. मग पहिल्यापासून सुरू झालं. गुडघे होतेच, आता नजर आल्यामुळे अधिक बारकाईने. भिंतही आता नीट दिसत होती, ती वीतभर नसून दीड वीत निघाली. आणि मग ताई म्हणाल्या:

"तू माझा हात धरून बसलीस ना, म्हणून निभावलं गं. आणि तू आलीस ती त्या जावयामुळे. मी त्याला हसले होते. फुकटचं करतो खरा. पण माझं बोलणं तुझ्यापर्यंत शेवटपर्यंत पोचवलं त्याने. सांग त्याला."

तपशीलरावांनी स्पेसबार दाबला. मग डोळे पुसून त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये जरा. मावशी काय म्हणतात ऐक."

बायको हात पुसत आली. त्यांनी स्पेसबार दाबला. ताई म्हणाल्या, "बरं, उजव्या गुडघ्याचं सांगायचं राहिलं..."

बायकोने मिनिटभर ऐकलं. "हे ऐकायला बोलावलंत?"

"थांब. येईल परत."

"कधी?"

तपशीलरावांनी घड्याळ बघून हिशेब केला. "एक तास बत्तीस मिनिटांनी."

बायकोने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग जाऊन गॅस बंद करून आली, आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.